हात वर केला की

तेरवी व्हायच्या आत टीव्ही लावायचा नाही, हे योगेशला मान्य होतं. मोबाइलबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं. (अशा फटी त्याला बरोब्बर सापडत. नववीच्या पेपरात तेवढी एकही सापडली नव्हती.)

डेव्हिस कपची लढत होती, भारताची. शेखरदादा असता तर अकोल्याच्या या बैठकीत सकाळपासून पंखा आणि रिमोट दोन्ही त्याच्या ताब्यात असते. अमरावतीच्या होस्टेलातून दादानं डिग्री आणली नाही, टेनिसचं वेड आणलं. योगेश नुसता शेजारी बसे. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस. मधले पाच कुणी खाल्ले, हे त्याला कधीच कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. दादानं हात वर केला की ओरडायचं, एवढाच त्याचा खेळ.

या लढतीची दादानं किती वाट पाहिली होती! आता ती घरात कुणीच पाहू नये, हे योगेशला सहन होईना.

म्हणून भेटायला आलेल्या मंडळींत, भिंतीला टेकून, तुळतुळीत डोक्यावरून दुपट्टा ओढून तो बसला. दुपट्ट्याच्या आत मोबाइल, कानात वायर. समोर त्याचे वडील वामनराव. स्मशानातून परतल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्यांना बोलतं करायला मूर्तिजापूरची तानुआत्या वरच्या पट्टीत रडत होती.

"भाऊ, एक शबूद तरी बोला! अन् हे पोरगं पाहा, रडू रडू कसं हलून राहिलं!"

पोरगं रॅली पाहत होतं. चेंडू इकडून तिकडे, मान इकडून तिकडे. तेवढ्यात एकानं असा काही फटका मारला की योगेश उभाच राहिला.

"हाणला! दादा, हाणला!"

दुपट्टा पडला, वायर सुटली, मोबाइल वामनरावांच्या पायाशी. त्यातून पंच करड्या आवाजात म्हणाला, "क्वाएट, प्लीज."

तानुआत्याचा हुंदका अर्ध्यावर थांबला.

आता बाप घराबाहेर काढणार, योगेशनं ओळखलं. वामनरावांनी मोबाइल उचलला. डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"काहून ओरडला बे?"

"बाबा, आपला पॉइंट..."

"त्यायचा होता. निळ्या कपड्यातले आपले, गाढवा."

"मले कुठं समजते, बाबा? दादा हात वर करे, तवा मी ओरडो."

वामनराव थोडे सरकले आणि सतरंजीवर जागा केली. (इतकी वर्षं पेपर उघडा धरून ते त्याच्या आडून मॅच पाहत होते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.)

"बस इथं. मी हात वर केला का ओरड."

"कोणते म्हणता आपले, भाऊ?" डोळे पुसत तानुआत्याही पुढं सरकली.

आपले त्या दिवशी सपाटून हरले. वामनरावांनी सगळ्या मॅचमध्ये हात एकदाच वर केला, चहावरची माशी हाकलायला. पण योगेश शब्दाचा पक्का. तो असा जिवाच्या आकांतानं ओरडला की शेजारपाजारचे धावत आले आणि दारातूनच विचारू लागले, "आता कोण गेलं?"