दत्तूकाकांची छत्रीवाली

काकांवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आता धोतर, तपकीर आणि दोरीनं बांधलेला चष्मा शोधणार. शोधा, मी थांबतो. नाही ना सापडलं? आमच्या दत्तूकाकांच्या डोक्यावर गुलाबी हेडफोन असतो आणि त्याला मांजराचे कान आहेत. माझ्या रोहिणीताईनं टाकून दिलेला. मखमलाबादच्या वावरात, झेंडूच्या बांधावर बसून, पिवळ्या पडलेल्या बोटांनी हा माणूस मोबाइलवर गेम खेळतो. वय पन्नाशीला टेकलेलं. लग्न केलं नाही. घरात काका आणि झेंडू, दोघंच.

ताई, मी आणि काका अशी आमची तिघांची टीम. ताई कॅप्टन.

गेममध्ये ढिगानं कॅरेक्टर आहेत. कोणी आग ओकतो, कोणी उडतो, कोणी दोन्ही हातांनी तलवारी फिरवतो. काका त्या सगळ्यांना 'गर्दी' म्हणतात. ते घेतात फक्त छत्रीवाली म्हातारी. ती कोणाला मारत नाही. सोबत्यांच्या पुढं उभी राहते, छत्री उघडते, गोळ्या अंगावर घेते. बास. आख्ख्या जगात तिला कोणी घेत नाही.

"काका, दुसरं पण एखादं शिका की."

"एकच धरायचं रोहे. पण असं धरायचं, का तिनं पण आपल्याला धरलं पाह्यजे."

हेच ते न्हाव्यालाही ऐकवतात आणि चपलेच्या दुकानातही.

मी नकला करतो. लग्नात काकांची नक्कल तर फर्माईश असते. मान वाकडी, एक डोळा बारीक, आणि "खोकली रे खोकली!" कारण छत्री मिटायच्या आधी म्हातारी हळूच खोकते. ते कोणाला ऐकू येत नाही, काकांना येतं. मग ते तिला भिंतीमागं घेतात आणि स्वतःच घसा खाकरतात. लोक हसून लोळतात. पण खरं सांगू? त्या छत्रीमागून मी आणि ताई निवांत खेळायचो. आमच्यापर्यंत काही पोचायचंच नाही.

मग ताईला पुण्यात नोकरी लागली. माझंही तिकडंच कॉलेज ठरलं. कॉलेज रोडच्या हॉलमधली ती स्पर्धा आमची शेवटची. जिंकलो असतो तर पुढची फेरी पुण्यात होती, काकांनाही यावं लागलं असतं. हरलो तर टीम बंद. काकांनी प्रवासाची बॅगच आणून ठेवली होती. तिच्यावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं.

समोर कळवणची पोरं होती. मॅचच्या आधी मी वडापाव आणायला गेलो. परत येतो तर काका चहाचा ग्लास खुर्चीवर ठेवून त्याच पोरांना समजावतायत, "हा ग्लास म्हंजी म्हातारी. आता बघा, ती हितं उभी राहिली का मागचे दोघं सेफ." पोरं माना डोलवत होती. एक तर म्हणाला, "काका, अजून सांगा ना." काकांचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता.

स्पर्धेत नियम असतो. सुरुवातीला समोरच्या टीमला तुमच्या एका कॅरेक्टरवर बंदी घालता येते. म्हातारीवर आजवर कोणी ती वाया घालवली नव्हती. कळवणच्या पोरांनी घातली. स्क्रीनवर तिच्या तोंडावर लाल फुली आली.

काका म्हणाले, "हिला का? हिनं कुणाचं काय केलंय?"

मी काकांची प्रत्येक नक्कल करतो. ही करत नाही.

वेळ संपला तरी काकांनी काही निवडलं नाही. गेमनंच त्यांना एक आग ओकणारा पोरगा दिला. काका त्याला घेऊन ताईच्या पुढं जाऊन उभे राहिले. छत्री नव्हती. पडले. पुन्हा आले, पुन्हा पुढं उभे राहिले.

"काका, मारा ना!" ताई ओरडली.

"हा, हा, मारतो," म्हणाले, आणि उभेच राहिले.

हरलो.

परत निघालो तेव्हा काकांच्या फुलांच्या टेम्पोत पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं, चालवायला काका. ताई सुटली.

"अक्कल हाय का काका? मॅचच्या आधी समोरच्यांना सगळं सांगतं का कोणी? तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"विचारलं व्हतं ना," काका म्हणाले. "त्यांनीच विचारलं."

ताई मग दुप्पट आवाजात सुरू झाली. बांधावर बसून खेळता, मान आखडलीये. जेवता कधी, झोपता कधी, आम्ही गेल्यावर बघणार कोण? दुसरं काही शिकायला काय होतं तुम्हाला? काका मान हलवत होते. मागून हॉर्न वाजत होते, कारण टेम्पो सायकलच्या स्पीडनं चालला होता. रोज पहाटे याच रस्त्यानं फुलं घेऊन हा माणूस असा सुसाट जातो की पोलीस पण बाजूला होतात.

घरी जायला पुलाकडं वळायचं वळण आलं आणि मागं गेलं.

"काका! वळण गेलं ना मागं! रोजचा रस्ता पण विसरलात? कुठं लक्ष असतं तुमचं?"

"बोल बाई, बोल," म्हणत काकांनी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला.

"बोल काय बोल? एवढी मी ओरडतीये आणि हसताय काय?"