घरपोच हकालपट्टी

ढगेभाऊ माणसाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढतात आणि मग पायात चपला सरकवून ते सांगायला त्याच्या घरी जातात. आमच्या नालवाडीत याला ‘घरपोच हकालपट्टी’ म्हणतात. बेल वाजते. दारात भाऊ, कपाळावरची शीर ताठ.

“काढलं तुले! सकाळी गुलाब टाकला तू. पुस्तकाचा ग्रुप हाय का नर्सरी?”

मग घरातून चहा येतो. चहा जमला तर माणूस संध्याकाळपर्यंत परत आत. माझं सभासदत्व निव्वळ बायकोच्या हातच्या आल्याच्या चहावर टिकून आहे.

भाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पुस्तकांच्या मागे लागले. ग्रुपचे अ‍ॅडमिन तेच. शिवाय स्वतःचा ब्लॉग, त्यावर ते पुस्तकं सोलतात. कोणी घाम गाळून कविता छापाव्यात आणि भाऊंनी लिहावं, ‘कागद चांगला आहे.’

त्यांचा खरा राग मात्र एका शब्दावर. अप्रतिम!

“उघडलं नाई, वाचलं नाई, अन् अप्रतिम? सैपाक व्हायच्या आंधीच ढेकर देता काऊन बे?”

अशात सिंदी रेल्वे गावच्या मधुकररावांचं पुस्तक निघालं. हे भाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. जन्मभर जिनिंगमध्ये कापूस पाहिला, साखरेच्या आजारानं डोळे जायच्या आधी घाईघाईनं आठवणी लिहून काढल्या. सुनेनं त्यांच्याच फोनवरून मुखपृष्ठ ग्रुपवर टाकलं, खाली भाऊंसाठी मधुकररावांचा आवाज: “देव्या, बाकीच्यायचं सोड. तू काय म्हणतं ते सांग.”

पुस्तक अजून प्रेसमध्येच होतं. तरी अप्रतिम, अप्रतिम, टाळ्या, हार, समया! भाऊंनी अख्खा ग्रुप रिकामा केला. सुक्याबरोबर ओलं जळतं तसा मीही गेलो. उरले दोघं, भाऊ आणि मधुकरराव. त्या दिवशी भाऊंनी आमचा चहासुद्धा परत पाठवला.

पुढे पुस्तक आलं आणि भाऊ गप्प झाले. ब्लॉग गप्प, ग्रुप गप्प. मी खोदून विचारलं तेव्हा माझ्याच अंगावर आले.

“रद्दी हाय! पहाट आली का रम्य, वारा आला का मंद. हा माणूस तोंडानं सांगते तं आइकता आइकता ताटातलं थंडं होते, अन् लिहाले बसला का सत्काराचं भाषण करते!”

“मग तसंच लिहा.”

“तो वाट पाहून राह्यला ना!”

“मग दोन गोड शब्द लिहा.”

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं सिंदीला जायला स्कूटर काढली.

मधुकरराव ओसरीत खाटेवर बसले होते. डोळे आता पुरते गेले होते. भाऊंचा आवाज ओळखून म्हणाले, “आला काय? लिहाले लाजला. आता तोंडावर सांग.”

“सांगतो. आंधी आइक,” भाऊ खेकसले आणि पुस्तक उघडून वाचू लागले.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. छापलं होतं: ‘त्या रम्य प्रभाती माझ्या पूज्य मातोश्रींनी इहलोकीची यात्रा संपविली.’

भाऊ वाचत होते, “सकाळी माय उठली नाई. चूल थंडी होती. मी दप्तर घेऊन दारातच उभा राह्यलो. शाळेत जाव का नाई, हे कोणाले विचाराव, तेच समजे ना.”

मधुकरराव खाटेवरून पुढे झुकले. हळूच म्हणाले, “देव्या, हे मी लिहिलं?”

“मंग काय मी लिहिलं? मधात बोलू नको!”

आणि भाऊंनी पान उलटलं. ते पान अजून अर्धं वाचायचं राहिलं होतं.