वजा अकरा हजार फूट

एल आल्तोच्या विमानतळावर कॅप्टन निल्दा चुकिमिया यांचा उड्डाण परवाना शुक्रवारी संपत होता. सिम्युलेटरमध्ये एकदा सुखरूप उतरून दाखवले की तो वाढतो, नाहीतर माणूस घरी बसतो. मी त्यांचा सहवैमानिक, म्हणून शेजारच्या खुर्चीत होतो.

विमानाला दोन उंच्या लागतात: एक समुद्रसपाटीपासूनची, दुसरी खालच्या जमिनीपासूनची. आमची धावपट्टी समुद्रापासून तेरा हजार फुटांवर आहे आणि जमिनीपासून शून्यावर. एवढे कळले की डोंगर चुकवता येतो.

परंतु मार्चमध्ये, गमावलेल्या समुद्राच्या आठवणीत पाळल्या जाणाऱ्या समुद्रदिनाच्या तोंडावर, विमान खात्याचे परिपत्रक निघाले. आपला समुद्र शेजाऱ्याने पणजोबांच्या काळी बळकावला. त्याच समुद्रापासून उंची मोजणे म्हणजे त्याचा कब्जा मान्य करणे होय. सबब यापुढे उंची स्वतःच्या पाण्यापासून, म्हणजे तितिकाका सरोवरापासून मोजावी. समुद्रदिनाच्या मिरवणुकीत हे वाचून दाखवले तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, ऊर भरून आला होता.

नव्या हिशेबाने एल आल्तो आठशे फुटांवर आले आणि आमच्याच देशाच्या सखल भागातले सांताक्रूझ शहर वजा अकरा हजारांवर गेले. परीक्षेत निल्दाबाईंनी नेमके तिथेच विमान अलगद टेकवले. पडद्यावर निकाल आला: विमान भूगर्भात, सर्व मृत.

परीक्षक दॉन अनिबाल कायद्याचे पदवीधर, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांनी आधी उभे राहून दोन मिनिटे शोक पाळला.

"डॉक्टर, चाकं धावपट्टीवर आहेत. समोर बघा ना," निल्दाबाई म्हणाल्या.

"दिसतंय हो, कॅप्टन. पण दिसतंय ते कागदावर कुठे आहे?"

"मग खऱ्या विमानात, ढगात, मी कुठला आकडा बघू?"

"ढगात शक्यतो जाऊ नका."

मग कोकाच्या पानांचा चहा पिऊन त्यांनी तोडगा काढला. आमच्याकडे जमिनीखालचा कारभार खाण खाते बघते. खाणीत उतरण्याचा दाखला आणला की मृत्यू रद्द. मात्र हेल्मेट आणि कपाळावरचा दिवा सक्तीचा. निल्दाबाई दोन दिवस खाण खात्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. शुक्रवारी परवाना मिळाला.

शनिवारी आम्ही दिवे लावून सांताक्रूझला निघालो. शेजाऱ्याच्या समुद्राचा जुना आकडा निल्दाबाईंनी तळहातावर लिहून आणला होता. ढगातून आम्ही त्याच्याच आधाराने उतरलो, कारण मरायची आमची तयारी नव्हती.

आमची हेल्मेटे बघूनही उंचीबद्दल एकाही प्रवाशाने विचारले नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आम्हाला हेल्मेट का नाही. तुम्ही हसताय, पण पहिला आवाज खिडकीजवळून आला होता, आणि तो तुमचाच होता.