एका बिल्ल्यावर एकच हत्यार

"बिल्ला घेतल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही. सख्खा बाप खिडकीशी आला तरी नाही! आणि एका बिल्ल्यावर एकच हत्यार."

कारखान्यात नोकरीला लागले त्या दिवशी टूलरूमच्या म्हाताऱ्या हेडसाहेबांनी बोट नाचवत दिलेली ही ताकीद नंबरकाकांच्या कानात अजून जशीच्या तशी होती. हेडसाहेब कधीच देवाघरी गेले, यथावकाश काकाही निवृत्त झाले. ताकीद तेवढी निवृत्त झाली नाही.

छत्तीस वर्षं काका टूलरूमच्या खिडकीमागे बसले. कामगार यायचा, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला पुढे करायचा. काका तो खुंटीला अडकवायचे आणि पाना, कानस, पटाशी, जे हवं ते काढून द्यायचे. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. बोल्ट दहा हातांवरून पाहिला तरी "याला चौदाचा पाना" असं ते सांगायचे आणि तो चौदाचाच निघायचा. म्हणून तर सगळे नंबरकाका म्हणायचे. फक्त एकच गोम होती. खिडकीबाहेर गेलेल्या हत्याराचं पुढे काय होतं, ते काकांनी कधी पाहिलंच नव्हतं. कोठीघरात जन्म काढलेल्या माणसाला साधी फोडणी येऊ नये, तशातली गत. आणि हे कोणाला कळू नये म्हणून ते जिवापाड जपत.

तरीही स्वप्न एकच होतं. आपली स्वतःची कार्यशाळा असावी, आपल्या हातून काहीतरी घडावं. बासष्टाव्या वर्षी त्यांनी घराच्या अंगाला पडून असलेल्या जागेत ती बांधायला घेतली. अर्ध्या जागेत गाडी, अर्ध्या जागेत हत्यारं.

"काका, बाजूला एक लहानसं दार ठेवू या," गवंडी म्हणाला. "शटर कधी अडलं-बिडलं तर?"

"टूलरूमला वाट एकच असते. दोन दारं झाली की हत्यारांना पाय फुटतात."

"अहो, घर तुमचं, हत्यारं तुमची. पळवणार कोण?"

"तू विटा लाव."

दार नाही झालं, पण खिडकी झाली. जाडजूड लोखंडी जाळीची, मधोमध हात जाईल एवढं भोक ठेवलेली. आतल्या भिंतीला हिरवा रंग दिला आणि प्रत्येक हत्याराच्या जागी त्याची पांढरी आकृती काढली, म्हणजे एखादं जागेवर नसलं की भिंतच चहाडी करणार. कामाचं टेबल इतकं गुळगुळीत करून घेतलं होतं, की काकू म्हणाल्या, "यात भांग पाडता येईल." तीन महिने झाले. काका रोज सकाळी हत्यारं पुसत, तेल लावत, परत टांगत. टेबलावर मात्र लाकडाचा एक कीस पडला नव्हता.

"आता काहीतरी करा की हो," काकू म्हणत.

"आधी मांडणी तर पुरी होऊ दे."

मांडणी पुरी व्हायच्या आधी शेजारी यायला लागले. हत्यारं मागायची कोणाला हौस नसते? काकांनी लगोलग बिल्ले करून घेतले आणि घरोघर वाटले. एक नंबरचा काकूंना दिला.

"मेलं झाकण निघेना. पकड द्या जरा," काकू एकदा खिडकीशी येऊन म्हणाल्या.

"बिल्ला?"

"फ्रीजवर राहिला."

"मग घेऊन ये."

"अहो, पकड घरातली, बरणी घरातली, मीही घरातलीच ना?"

"नियम म्हणजे नियम."

काकूंनी बरणी टॉवेलात धरून उघडली आणि त्या दिवशी काकांना लोणचं वाढलं नाही.

तर तो मंगळवार. काकूंचे गुडघे वर्षभर छळत होते आणि गुडघ्यांच्या मोठ्या डॉक्टरांची दोन महिन्यांनी वेळ मिळाली होती, दुपारी चारची. ही चुकली तर पुन्हा दोन महिने. गाडीत बसायला वेळ लागतो म्हणून काकू अडीचलाच, पर्स मांडीवर घेऊन, गॅरेजमधल्या गाडीत जाऊन बसल्या. काका गाडीच्या वाटेतली कुंडी सरकवायला बाहेर आले. पाठीमागे खड्‌खड्‌खड्‌ झालं आणि शटर थेट जमिनीला टेकलं. एका बाजूची पट्टी भिंतीपासून सुटली होती. तिचा बोल्ट घरंगळत काकांच्या पायाशी आला.

"सतराचा!" काका अभिमानाने म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की बायको आत आहे.

शटरवाल्याला फोन लावला. "उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "घाई काय आहे?"

तोवर काकू गाडीतून उतरून, टेबलाचा आधार घेत खिडकीशी आल्या होत्या. जाळीपलीकडे त्यांचा चेहरा शांत होता. काकांना त्या शांतपणाची जास्त भीती वाटली.

"सतराचा पाना दे गं लवकर."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. "नाही तो. नुसतं चित्र आहे. खुंटीला चार नंबरचा बिल्ला."

"टेलर! काल घेऊन गेला."

"दुसरा एखादा चालत नाही?"

"सतराला सतराच लागतो."

काका कोपऱ्यावरच्या टेलरकडे धावले. दुकानात टेलर दिसेना. कापडं बेतायच्या मोठ्या टेबलाखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले.

"पाना द्या हो!"

"कसा देऊ, काका?" पाय बोलले. "टेबल उंच करायला काढलंय. पान्यानेच तोलून धरलंय. तो सोडला तर हे सगळं छातीवर बसेल. स्क्रू ड्रायव्हर मिळाला तर कोनाची पट्टी बसवून पाच मिनिटांत मोकळा होतो. तुमचा स्क्रू ड्रायव्हर पोस्टमास्तरांकडे गेलाय ना?"

पोस्टमास्तर, म्हणजे पूर्वीचे पोस्टमास्तर, शिडीवर होते. माळ्याच्या कपाटाचं दार त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

"स्क्रू ड्रायव्हर?" ते कण्हले. "हा काय, बिजागरीच्या भोकात. त्याच्यावरच तर दार तरलंय. जुना स्क्रू वाकलाय, निघता निघेना. पकड आणून तो उपसा, मग स्क्रू ड्रायव्हर काय, शिडीसुद्धा घेऊन जा."

"पकड कोणाकडे आहे?"

"तुम्हालाच ठाऊक. बिल्ले तुमच्याकडे."

पकड शेजारच्या मुख्याध्यापक बाईंकडे होती. बाईंच्या मोरीत घोटाभर पाणी होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बाई उभ्या राहिल्या की समोरचा आपसूक सरळ होई. आत्ता मात्र त्या वाकल्या होत्या आणि नळाचा सांधा पकडीत आवळून दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या.

"बाई, पकड हवी होती."

"न्या की," बाई शांतपणे म्हणाल्या. "सोडली तर कारंजं उडेल. सकाळी पकड सांध्यावर तशीच अडकवून मी तुमच्याकडे पाइप पाना मागायला आले होते. तुम्ही काय म्हणालात?"

काकांना आठवलं. बाईंचा बिल्ला पकडीवर अडकलेला होता. आधी पकड परत करा, मग पाइप पाना न्या, असं त्यांनी सांगितलं होतं.

"एका बिल्ल्यावर एकच हत्यार," काका पुटपुटले.

"आणि पकड परत करायची तर हात सोडावा लागतो. हात सोडला की घर बुडतं. म्हणून तेव्हापासून मी अशी उभी आहे."

काका उलट्या पावली स्वतःच्या गॅरेजकडे पळाले. छत्तीस वर्षं खिडकीमागे बसलेले काका आज बाहेरच्या बाजूला उभे होते.

"पाइप पाना दे!"

"बिल्ला?" काकू म्हणाल्या.

"अगं, थट्टेची वेळ आहे का ही?"

"मी कुठे थट्टा करते? नियम म्हणजे नियम."

काकांनी खिसे चाचपले. "माझ्या नावाचा बिल्ला मी केलाच नाही."

"ते पाहिलंय मी. सगळ्या आळीला वाटले, स्वतःला एक नाही. का बरं?"

 काकांनी मनगटावरचं घड्याळ सोडून भोकातून आत दिलं. काकूंनी ते रीतसर खुंटीला अडकवलं आणि पाइप पाना बाहेर सरकवला. "तीन वाजून पाच," त्यांनी आतून पुकारलं.

बाईंनी सांध्यावरचा हात न हलवता पान्याकडे नजरेने इशारा केला. "माझे दोन्ही हात अडकलेत. तुम्हीच आवळा."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पाना किती इंची, त्याचे दाते किती, सगळं पाठ होतं. त्यांनी तो नटावर बसवला, डोळे मिटले आणि जोर लावला. पुढच्या क्षणी ते नखशिखांत भिजले.

"उलटं, काका, उलटं! घड्याळाचे काटे जातात तसं."

"घड्याळ गहाण आहे हो, बाई!"

"मनात आणा घड्याळ!"

काकांनी मनात घड्याळ आणलं. एक वळसा, दुसरा वळसा. पाण्याचा फवारा होता त्याची धार झाली, धारेचे थेंब झाले आणि मग थेंबही थांबला. काका पाहतच राहिले. थांबवलं, त्यांनी थांबवलं! 

बाई हात पुसत त्यांच्याकडे पाहत होत्या. तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेली बाई ती.

"पहिल्यांदाच धरलात ना हातात?"

खोटं बोलायला काकांनी तोंड उघडलं. पण ओल्या कपड्यांत माणसाला खोटं बोलणं जड जातं. "देण्यासाठी पुष्कळदा धरला, बाई. चालवायला आजच."

"आमच्या शाळेत सुतारकामाच्या शिक्षकाची जागा कधी भरलीच नाही," बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं तो तास मीच घेतला. सकाळी सातला माझं सगळं आवरलेलं असतं. यायचं तर या. पण उशीर खपवून घेत नाही."

मग पकड घेऊन काका पोस्टमास्तरांच्या शिडीवर चढले. "मला फक्त दार धरू द्या, ओढा तुम्हीच," पोस्टमास्तर म्हणाले. तिसऱ्या हिसक्याला वाकडा स्क्रू बाहेर आला आणि काकांच्या कपाळावर आपटला. त्यांना तो मानाचा टिळा वाटला. तिथून स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते टेलरच्या टेबलाखाली शिरले.

"काका, तुम्ही कशाला? मला द्या ना."

"तू सरक. घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवायचं, मला माहीत आहे."

काखेतला पाइप पाना सांभाळत, सतराचा पाना घेऊन ते शटरशी पोचले तेव्हा जाळीतून आवाज आला, "तीन पस्तीस." सुटलेली पट्टी त्यांनी खांद्याने रेटून भिंतीला लावली, भोकाला भोक जुळवलं, बोल्ट सरकवला. आधी बोटाने फिरवला, मग पान्याने. शटर कुरकुरलं, हललं आणि वर गेलं. काकू गाडीत मघासारख्याच बसल्या होत्या, पर्स मांडीवर.

"चला," त्या म्हणाल्या. "आणि हे घ्या घड्याळ. हत्यार परत, बिल्ला परत."

 वाटेत काकांच्या शर्टाचं पाणी आसनावर झिरपत होतं.

"एक सांगायचं होतं," शेवटी काका म्हणाले. "मला खरं तर यातलं काही..."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"लग्नाला चार दिवस झाले होते तेव्हापासून. भिंतीवर फोटो लावायचा होता. तुम्ही खिळ्याची लांबी, जाडी, नंबर सगळं सांगितलंत आणि ठोकायला शेजारच्यांना बोलावलंत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढी घाई नव्हती मला."

चारला पाच मिनिटं कमी असताना ते दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले, एक्स-रे दिव्यासमोर धरले. "ऑपरेशनची गरज नाही," ते म्हणाले, "पण ओट्याशी उभं राहून स्वयंपाक बंद. ओट्याच्या उंचीला जुळणारं, पाय टेकवायला आडवी पट्टी असलेलं स्टूल घ्या. दुकानातलं बसणार नाही. एखादा चांगला सुतार बघा."

काकूंनी काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. "सुतार कशाला? घरात हे आहेत ना," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता.

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. ओला शर्ट, कपाळावर टेंगूळ, हातांना काळं ग्रीस. अगदी कारागीरच दिसत होते.

"करता येईल?" त्यांनी विचारलं.

"करतो," काका म्हणाले. मग काकूंकडे वळून, हळू आवाजात, "वेळ लागेल. पहिलं डुगडुगेल."

"डुगडुगू दे. मी धरून बसेन."

दुसऱ्या दिवशी काकूंना जाग आली तेव्हा शेजारची उशी रिकामी होती. त्यांनी खिडकीचा पडदा जरा बाजूला केला. सात वाजायला आले होते. काखेत फळी, हातात करवत आणि पँटच्या खिशातून डोकावणारा, काटकोन बघायचा गुण्या अशा थाटात नंबरकाका फाटकाची कडी आवाज न करता काढत होते. केसांना त्यांनी पाणी लावून नीट भांग पाडला होता. रस्त्यावर कोणी नाही असं दोन्हीकडे बघून त्यांनी खात्री केली आणि बाईंच्या घराकडे भराभर चालू लागले, उशीर होऊ नये म्हणून.