नसला तरी चालेल

विजयसिंह मस्कतच्या कंपनीत तीन वर्षं होता, पण तो परत चालला म्हणून दुःख झालेला माणूस काही सापडत नव्हता. शनिवारचं विमान होतं. सोमवारी आष्टीला पंचायत समितीच्या निवडणुकीचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती. आणि वडिलांनी, म्हणजे मोहनरावांनी, फोनवर बजावलं होतं, "नुसता हात हालवीत येऊ नको. तिकडं लोक तुझ्यावाचून रडायलेत असं गावाला दिसलं पाहिजे."

विजयसिंह तिथे स्टोअरकीपर होता. गावात त्याला मॅनेजर म्हणत, आणि ही चूक दुरुस्त करायला त्याला तीन वर्षांत सवड मिळाली नव्हती.

निरोप समारंभ दुसऱ्यांनी करायचा असतो, असं काही लोक मानतात. ते आष्टी तालुक्यातले नसावेत. आपल्याकडे ज्याचा सत्कार त्यानेच शाल आणायची असते. विजयसिंहाने ती आणली. नारळ केरळच्या पोरांकडून मिळाला. चुलतभाऊ पप्पूने गावाहून, म्हणजे कड्याहून, फ्लेक्सची फाईल पाठवली: मधोमध हात जोडून चाललेला विजयसिंह आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळे सहकारी. त्यात धारूरचा शहादेवही होता. तो स्टोअरमध्ये विजयसिंहाच्या हाताखाली होता, म्हणजे स्टोअर तोच चालवत होता.

"मालक, माझं तोंड हरभऱ्याएवढं कावून केलं?" शहादेवने विचारलं.

"शुभेच्छुक एवढाच असतो बे. रीत हाय ती."

सुपरवायझर कुरियनला भाषणाचा कागदही विजयसिंहानेच हिंदीत लिहून दिला. राहिला अध्यक्ष. अध्यक्षाशिवाय सत्कार म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. म्हणून त्याने थेट कंपनीचे मालक सईदसाहेब यांनाच बोलावलं. त्यांनी विजयसिंहाला आजवर पाहिलेलंही नव्हतं, म्हणून तर ते आले.

शुक्रवारी दुपारी मेसमध्ये फ्लेक्स लागला. चहाच्या थर्मासला फोन बांधून लाइव्ह सुरू झालं. तिकडे कड्याच्या चौकात पप्पूने पडदा लावून गाव बसवलं होतं.

कुरियनने कागद वाचला. "विजयसिंह कंपनीचा कणा आहेत. त्यांच्याशिवाय स्टोअरचं पान हलत नाही. ते गेले की काम बंद पडणार." मग इमानदारीने त्याने ते अरबीत मालकांना सांगितलं.

सईदसाहेबांच्या तोंडातला खजूर तोंडातच राहिला. "मग याला सोडलं कुणी?"

कुरियनला घाम फुटला. नोकरी सोडायची तर दोन महिने आधी कळवायचं, असा करार होता. विजयसिंहाला ती अट माफ झाली होती, कारण त्याच्या अर्जावर कुरियननेच शेरा मारला होता: 'नसला तरी चालेल.'

"तिकीट रद्द करा," साहेब म्हणाले. "दोन महिने ठेवून घ्या."

एवढं अरबी विजयसिंहाला बरोबर समजलं. सोमवारचा अर्ज डोळ्यांपुढे आला आणि शालीसकट तो पुढे धावला. "साब, ये सब झूठ है! मैं कुछ काम करताच नै!"

कुरियनने भाषांतर केलं. साहेबांचे डोळे पाणावले. "इतका नम्र माणूस! याला तर मुळीच सोडू नका."

विजयसिंहाने शहादेवचा दंड धरला. "शहादेव, तू तरी सांग बे खरं!"

"खरं सांगू, मालक?"

"सगळं सांग! काय बी ठेवू नको!"

तीन वर्षांत शहादेवला बोलायला पहिल्यांदाच सांगितलं जात होतं. त्याने मन लावून सांगितलं, आणि कुरियनने तितक्याच मन लावून ते अरबीत केलं. हेल्मेटं कोण वाटतं, रजिस्टर कोण लिहितं, हातमोज्यांच्या पोत्यावर जेवणानंतर कोण झोपतं. "आन् ते दोनशे बूट आलते ना साहेब, सगळे डाव्या पायाचे? ते बघून घेतल्याची सही ह्यांचीच हाय."

बूट म्हणताच साहेब ताडकन उठले. ते बूट अजून गोदामात पडून होते. "शनिवार कशाला? आजच पाठवा!" आणि जाता जाता त्यांनी शहादेवला स्टोअरकीपर करून टाकलं.

विजयसिंहाने शहादेवला कडकडून मिठी मारली. "वाचवलंस बे मला!"

"ते ठीक हाय," शहादेव म्हणाला. "पण मालक, तो फोन चालूच हाय."

शनिवारी संध्याकाळी विजयसिंह कड्याच्या चौकात उतरला. स्वागताला कुणी नव्हतं, फ्लेक्स मात्र होता. मधोमध हात जोडून पप्पू चालला होता, पंचायत समितीचा भावी सदस्य. खालच्या रांगेत, कोपऱ्यात, शाल पांघरलेला विजयसिंह होता.

"पप्प्या, माझं तोंड हरभऱ्याएवढं कावून केलं?"

"शुभेच्छुक एवढाच असतो, दादा," पप्पू अदबीने म्हणाला. "रीत हाय."

मोहनराव शेजारी हॉटेलच्या बाकड्यावर चहा पीत होते. त्यांनी पोराकडे पाहिलंही नाही.

"काम न करणं हा काय गुन्हा न्हाई, इजू," ते बशीत फुंकर मारत म्हणाले. "मी तीस वर्षं राजकारणात हाय. मी तरी काय केलं? पण कधी तोंडानं बोललो का?"