खाडीतल्या गवताचे तांडेल

"पाय उचला! खाली पोरं निजलीत!"

ओहोटीला आमच्या खाडीत कुणी उतरलं की ही आरोळी आलीच म्हणून समजा. आरोळी मारणारे शांतूतात्या, माझे मांडवीतले शेजारी. एके काळी होडीवरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, आता खाडीतल्या वीतभर उंचीच्या गवताचे. एकदा खाडीच्या पाहणीला आलेले सरकारी साहेब असे दचकले की बराच वेळ एका पायावर उभे राहून दुसरा कुठे ठेवू, म्हणून मलाच विचारत होते. मी पडलो निवृत्त शाळामास्तर, मला काय ठाऊक!

पोरं म्हणजे माशांची पिल्लं. "गवतात लपायचा, कांदळाच्या मुळांत वाढायचा, मंग दर्यात जायचा," हा तात्यांचा रोजचा पाठ. बाजारात बोटाएवढी बोय मासळी दिसली की विचारतात, "हिची आय कुठं हाय?" कोळणी त्यांना लांबून बघूनच टोपलीवर फडकं टाकतात.

मीही हसायचो. पण गेल्या महिन्यात पर्यटकांना फिरवणारी एक होडी नेमकी त्या गवतावर नांगर टाकू लागली. नांगर फरफटला की गवत मुळासकट वर येतं. तात्यांनी बांबू रोवले, होडीवाल्याने ते उपटले. तात्यांचं अन्नपाणी सुटलं. बोलता बोलता मध्येच थांबून खाडीकडे कान लावायचे. त्यांचं ते कान लावणं बघून मलाच धास्ती वाटायची.

परवा दुपारी भरती लागली आणि तात्या घरात नव्हते. मी धावत काठावर गेलो. ते गवताच्या मधोमध, छातीभर पाण्यात उभे होते. होडी वळून त्यांच्याच दिशेने येत होती. जन्म समुद्राकाठी गेला, पण मला पोहता येत नाही.

"तात्या, बाहेर या! पाणी चढतंय!"

"नाय मास्तर. माणूस उभा असल्यावर नांगर टाकायचा नाय तो."

"आणि टाकला तर?"

तात्यांनी पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं.

"पलीकडच्या काठाला पण गवात होता. जाळा अडकायचा म्हणून मी नि भावान उपटला. कचरा समजून. मंग थितं बोय नाय, कोलंबी नाय, काय नाय. पोटासाठी भाऊ लांब दर्यात गेला. तो परत आला नाय. आजवर कोनाला बोललो नाय मी."

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरलो. तात्यांनी माझा हात गच्च धरला.

"मरायचंय काय रे म्हाताऱ्यांनो!" होडीवाला ओरडला. नांगर त्याच्या हातातच होता. शेवटी शिव्या देत त्याने होडी वळवली.

मी काठाकडे वळलो. तात्या मात्र हात सोडेनात.

"जरा थांबा मास्तर," ते हळूच म्हणाले. "भाऊ गेल्यापासून पाण्यात माझ्या बाजूला कोन उभा राहिला नाय."

पाणी माझ्या खांद्यापर्यंत आलं होतं. मी थांबलो.