बिनचुंबकाचे वाकळेकाका

आमच्या वास्तुशांतीला वरच्या मजल्यावरचे वाकळेकाका आले, नारळ दिला आणि आमच्या फ्रिजवर लावलेलं वेरूळच्या लेण्यांचं चुंबक उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, "मॅडम, चिकटपट्टी लावा. चुंबक म्हंजे उसनं अवसान!"

मी शाळेत मराठी शिकवते. उलट उत्तर दिल्याशिवाय मला जेवण जात नाही. "काका, फ्रिजच्या दारातसुद्धा चुंबक असतं," मी म्हटलं. काका फणकाऱ्यानं वर निघून गेले. तिसऱ्या दिवशी बघते तर स्वतःच्या फ्रिजच्या दारातली चुंबकाची पट्टी काढून त्यांनी ते दार पायजम्याच्या नाडीनं बांधलेलं! तेव्हापासून त्यांचं दूध अधूनमधून नासतं, पण तत्त्व शाबूत आहे.

काका जन्मभर वाळूजच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींचं काम करून निवृत्त झाले. काकूंच्या पश्चात घरात एकटेच. सोफा काढून तिथं त्यांनी कामाचं टेबल मांडलंय. वेड एकच: पंख्यासाठी चुंबक नसलेली, तरी कमी वीज खाणारी मोटार. जुन्या पंख्यांत चुंबक नसतं, पण ते वीज फार खातात. नवे वीज वाचवतात, पण पोटात चुंबक घालून.

"लोखंडात सोताचं बळ हाय की! त्याला निस्ती हाक मारायची," काका सांगत. मध्ये दातेरी लोखंड, भोवती तारेची वेटोळी. एका वेटोळ्यात वीज सोडली की लोखंड तिकडं धावतं. ते पोचतंय तोवर ते वेटोळं बंद, पुढचं चालू. "आमची ही मला असंच फिरवायची. स्वैपाकघरातनं हाक, तिथं पोचलो की गॅलरीतनं!"

पहिल्या चाचणीत हाकांचा क्रम उलटा लागला आणि टेबलफॅन मागच्या भिंतीला वारा घालू लागला. "भिंत बी तापलीच होती की," काका म्हणाले.

क्रम सुधारला, पंखा चालला, पण लई घुरघुरायचा. तसाच तो त्यांनी पिशोर गावी आक्काकडं नेऊन दिला. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तीही एकटीच राहते. म्हातारीची झोपमोड होत असेल, या विचारानं काकांचं डोकं उठलं. मग दोन वर्षं त्यांनी आवाजाचा पिच्छा पुरवला. वेटोळं झटक्यात तोडायचं नाही, हळूहळू सोडायचं, हे शेवटी साधलं. त्या रविवारी नव्या पंख्यासमोर त्यांनी मला उभं केलं. वारा येत होता, आवाज नव्हता. काकांनी पेढे वाटले. "आता आक्काला सुखाची झोप लागंल," म्हणत त्यांनी पंखा पुसायला घेतला.

पंखा मांडीवर घेऊन ते एसटीनं गेले आणि दुसऱ्या दिवशी तसाच मांडीवर घेऊन परत आले.

"काय झालं काका?"

"आक्का म्हणली, वारा ग्वाड हाय, पर ह्यो बोलत नाय रे. जुना घुरघुरायचा, तर घरात कुणी हाय असं वाटायचं."

"मग जुनाच राहू द्या ना तिथं."

"त्यो हादरून खिळखिळा झालाय, मॅडम."

दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, आता काका आठवडाभर तोंड फिरवून बसणार, असं मला वाटलं. पण ते सरळ टेबलाशी बसले. चार दिवसांनी मला वर बोलावणं आलं.

"तुमी भाषेच्या. ऐका अन् सांगा, ह्यो घोरल्यावानी वाटतो का रागावल्यावानी?"

मी डोळे मिटून ऐकलं. "जरा रागावल्यासारखा."

त्यांनी काहीतरी पिळलं. "आता?"

"आता गाढ झोपलेल्या माणसासारखा."

"व्हय? मग जमलं."

सोमवारी तो पंखा पिशोरला पोचला. आक्काचा फोनही आला, खूश होती. बुधवारी दुपारी वह्या तपासत बसले होते, तर वरून पुन्हा तीच घुरघुर. सवयीनं तक्रार करायला वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काकूंच्या पलंगाजवळ अगदी तसाच दुसरा पंखा घुरघुरत होता आणि काका त्याच्याकडं तोंड करून झोपले होते. आवाज न करता मी दार ओढून घेतलं.